सगळे उमेदवार एका मंचावर : चित्रण मतदारांपर्यंत पोचवायचं कसं, आणि उपयोग किती?

वाचनकट्टा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विधानसभेची पोटनिवडणूक लागण्याच्या बेतात आहे. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातर्फे सगळ्या उमेदवारांना एका मंचावर बसवून दीड तासाची चर्चा घ्यायची, ती केबलवर आणि यूट्यूबवर थेट दाखवायची आणि नंतर चित्रफीत कुणालाही फुकट वापरू द्यायची, असं घाटतंय. उमेदवार दहा-बारा असतील. हॉल २५० खुर्च्यांचा, खर्च पन्नास हजारांच्या आत बसवायचा आहे.

परवानगी कुणाची लागते? हा खर्च एखाद्या उमेदवाराच्या नावावर टाकला जाईल का? प्रचार थंडावल्यावर चित्रफितीचं काय करायचं? ज्यांच्याकडे केबल नाही आणि डेटा पॅक पुरवून वापरावा लागतो, त्यांच्यापर्यंत ती कशी न्यायची? आणि मुळात या सगळ्याचा मतदाराला उपयोग होतो का? समितीतले निम्मे म्हणतात, "ज्याला द्यायचं त्यालाच माणूस मत देतो, चर्चा बघून कोण बदलतंय?"

वाहिन्यांवरच्या संध्याकाळच्या आरडाओरड्याबद्दल विचारत नाहीये. तिथे प्रवक्ते असतात, उमेदवार नसतात.


नियमावली

आधी दिवस मोजा, कारण बेत बहुतेक तिथेच फसतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम ३० प्रमाणे माघारीची शेवटची तारीख आणि मतदान यांत किमान चौदा दिवस असतात. माघार दुपारी ३ पर्यंत घेता येते. त्यानंतर चिन्हं वाटली जातात आणि लढणाऱ्या उमेदवारांची अंतिम यादी नमुना ७अ मध्ये लागते. ती हातात येण्याआधी कुणालाही बोलावू नका, नाहीतर माघार घेणाऱ्यांची आमंत्रणं परत घेत बसाल.

दुसऱ्या टोकाला कलम १२६. मतदान संपण्याच्या वेळेपासून मागे ४८ तास मोजायचे. मतदान बुधवारी संध्याकाळी ६ ला संपणार असेल तर सोमवारी ६ पासून सभा बंद, आणि टीव्ही किंवा तत्सम साधनांवर निवडणूकविषयक मजकूर दाखवणंही बंद. भंग केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. गडचिरोलीसारख्या ठिकाणी काही केंद्रांवर मतदान दुपारी ३ लाच संपतं, तेव्हा तास मोजताना आपल्या मतदारसंघाची अधिसूचना बघा. म्हणजे हातात उरले जेमतेम बारा दिवस. पाचव्या किंवा सहाव्या दिवशी चर्चा घ्या. दहाव्या दिवशी घेतलीत तर चित्रफीत गावोगाव न्यायला वेळच उरत नाही.

परवानगीसाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातला एक खिडकी कक्ष गाठा. निवडणूक आयोगाचं ऑनलाइन परवानग्यांचं सुविधा पोर्टल मुख्यतः उमेदवार आणि पक्षांसाठी आहे, संस्थेने लेखी अर्ज हातात द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जासोबत जागेच्या मालकाचं संमतिपत्र आणि पोलीस ठाण्याला दिलेल्या पत्राची प्रत जोडा. कार्यक्रम मंदिराच्या सभामंडपात किंवा देवस्थानाच्या मालकीच्या हॉलमध्ये ठरवू नका. प्रार्थनास्थळं प्रचारासाठी वापरायला आदर्श आचारसंहितेत मनाई आहे, आणि "हॉल देवळाच्या आवारात असला तरी वेगळा आहे" हा युक्तिवाद भरारी पथकापुढे टिकत नाही.

खर्चाचं बघू. कलम ७७ प्रमाणे उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने केलेला वा त्यांच्या संमतीने झालेला खर्च त्याच्या हिशेबात धरतात. विधानसभेसाठी मोठ्या राज्यांत ही मर्यादा ४० लाख रुपये आहे. संस्थेने सगळ्यांना सारखं बोलावलं आणि खर्च स्वतः केला तर तो कुणा एकाचा होत नाही. पण बारापैकी एकटाच आला आणि तुम्ही तासभर त्याचंच चित्रण दाखवलं, तर ती त्याची सभा झाली. म्हणून अर्जातच लिहा की किमान अमुक उमेदवार आले नाहीत तर कार्यक्रम होणार नाही. निम्मे हा आकडा ठीक वाटतो. उमेदवाराकडून पाण्याची बाटलीसुद्धा घेऊ नका, मंचावर कुणाचे झेंडे-उपरणी नकोत. हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरपत्रकाप्रमाणे मांडा, त्यात खुर्ची, माईक, चहा सगळ्याचे दर असतात. हिशेबाची प्रत खर्च निरीक्षकांना द्या. व्हिडिओ पाळत पथक चित्रण करायला येईलच. येऊ द्या, त्यांना पुढची जागा द्या.

केबलवाल्याला पैसे देऊन वेळ विकत घेऊ नका. पैसे देऊन घेतलेला राजकीय मजकूर म्हणजे जाहिरात, आणि जाहिरातीला माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीचं प्रमाणपत्र आधी लागतं (नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवारांनी तीन दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी सात). यूट्यूबवर पैसे टाकून व्हिडिओ पुढे ढकलला तरी तेच. वाहिनीने आपला कार्यक्रम म्हणून विनामोबदला दाखवला तर ही भानगड येत नाही. तरीही समितीला आगाऊ पत्र देऊन ठेवा.


शंकासुर

हौसेला पाणी घालतो, राग नसावा.

परदेशात हे साठ-पासष्ट वर्षं चाललंय, तरी निकाल बदलल्याचा पुरावा विरळच. २६ सप्टेंबर १९६० च्या केनेडी-निक्सन चर्चेबद्दल सगळे सांगतात की टीव्हीवाल्यांना केनेडी जिंकले असं वाटलं आणि रेडिओवाल्यांना निक्सन. ही गोष्ट ज्या पाहणीवर उभी आहे तिच्यात रेडिओ ऐकणारे तीनशेसुद्धा नव्हते. शिवाय त्या काळी रेडिओवर विसंबणारा श्रोता बराचसा ग्रामीण होता, तो आधीपासूनच निक्सनकडे झुकलेला असू शकतो. चेहऱ्याने निवडणूक जिंकली हे त्यातून सिद्ध होत नाही.

ब्रिटनमध्ये पक्षनेत्यांची पहिली टीव्ही चर्चा १५ एप्रिल २०१० ला झाली. लिबरल डेमोक्रॅट्सचे निक क्लेग एका रात्रीत गाजले, पक्ष चाचण्यांत उसळला. मतपेट्या उघडल्या तेव्हा जागा ६२ वरून ५७ झाल्या होत्या. अमेरिकेत १० सप्टेंबर २०२४ ची हॅरिस-ट्रम्प चर्चा ६ कोटी ७० लाखांहून जास्त लोकांनी पाहिली, लगेच घेतलेल्या चाचण्यांत हॅरिस सरस ठरल्या. निवडून कोण आलं ते माहीतच आहे.

आपल्याकडे तर मुख्य माणसं येतच नाहीत. मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित प्रकाश शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी या दोघांना जाहीर चर्चेचं पत्र पाठवलं. राहुल गांधींनी होकार कळवला, चर्चा झाली नाही. यावं असं सांगणारा कायदाच नाही. पुढे असलेला उमेदवार मागे असलेल्याला फुकट व्यासपीठ कशाला देईल? तुमच्याही मंचावर जिंकण्याची शक्यता नसलेले आठजण येतील आणि खरे दोघे आपापल्या सभांत असतील.

आणि फुकट वेळच द्यायचा तर दूरदर्शन-आकाशवाणी आहेच की.


टोरांटोकर

@शंकासुर, तुमची तिन्ही उदाहरणं अशा निवडणुकांची आहेत जिथे मतदाराला उमेदवार वर्षानुवर्षं माहीत असतो. तिथे दीड तासात काय नवं कळणार? तरीही २७ जून २०२४ च्या बायडन-ट्रम्प चर्चेनंतर चोवीस दिवसांत बायडन यांनी उमेदवारी सोडली, हे तुम्ही सोयीने गाळलंत.

या धाग्याला लागू पडणारं उदाहरण सिएरा लिओनचं आहे. २०१२ च्या संसदीय निवडणुकीत तिथे मतदारसंघनिहाय उमेदवारांच्या चर्चा चित्रित केल्या गेल्या आणि फिरत्या पडद्यावर गावोगाव दाखवल्या गेल्या. २२४ मतदान केंद्रं निवडून त्यांतल्या चिठ्ठीने निघालेल्या ११२ केंद्रांच्या परिसरात चित्रफीत दाखवली, उरलेल्या ११२ ठिकाणी नाही. मग दोन्हीकडचं मतदान ताडून पाहिलं. जिथे दाखवली तिथे लोकांना उमेदवारांबद्दल आणि त्यांच्या भूमिकांबद्दल जास्त माहिती होती, आपल्या मताशी जुळणाऱ्या उमेदवाराला मत देण्याचं प्रमाण जास्त होतं आणि चर्चेत सरस ठरलेल्याची मतं साधारण पाच टक्के अंकांपर्यंत वाढली. उमेदवारांनीही त्या गावांत प्रचार वाढवला. पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. चर्चेत भाग घेऊन निवडून आलेल्या खासदारांनी नंतर मतदारसंघात जास्त फेऱ्या मारल्या आणि विकासनिधी जास्त खर्च केला. कॅमेऱ्यापुढे बोललेलं गावाला पाठ असतं ना!

पोटनिवडणुकीतल्या बारा उमेदवारांपैकी दहांची नावंही मतदाराला माहीत नसतात. म्हणजे तुम्ही सिएरा लिओनच्या बाजूला आहात, वॉशिंग्टनच्या नाही. फक्त एक ध्यानात घ्या, परिणाम झाला तो चित्रफीत गावात नेल्यामुळे. हॉलमधल्या २५० जणांचं मत आधीच ठरलेलं असतं.

आता सर्वांना खुलं ठेवण्याविषयी. २०२४ ची जूनमधली चर्चा सीएनएनची होती. इतर वाहिन्यांना ती दाखवायची मुभा होती, पण पडद्यावरचं सीएनएनचं चिन्ह झाकायचं नाही ही अट होती. कार्यक्रम ज्याच्या मालकीचा, कुणी तो कसा दाखवायचा हेही तोच ठरवतो. कॅनडात २०१५ मध्ये वाहिन्यांच्या जुन्या संघाची चर्चा पंतप्रधान हार्पर यांनी नाकारली आणि सगळं विस्कटलं. त्यानंतर २०१८ मध्ये सरकारने स्वतंत्र आयोग नेमला. आता चर्चेचं मूळ प्रक्षेपण कुठल्याही वाहिनीला किंवा संकेतस्थळाला फुकट उचलता येतं, सोबत सांकेतिक भाषा, दृश्यवर्णन आणि अनेक भाषांतले अनुवाद असतात. पंजाबी आहे. मराठी अजून नाही, इथल्या मंडळांनी मागितलीच नसेल.

आयोग असला तरी घोळ होतातच. एप्रिल २०२५ ची फ्रेंच चर्चा आइस हॉकीच्या सामन्यामुळे दोन तास अलीकडे आणावी लागली. ग्रीन पक्षाला आमंत्रण देऊन चर्चेच्या दिवशी सकाळी ते काढून घेतलं, कारण त्यांनी सांगितले तेवढे उमेदवार प्रत्यक्षात उभे केले नव्हते. तुम्ही दोन्ही खड्डे टाळू शकता. तारीख ठरवण्याआधी क्रिकेटचं वेळापत्रक बघा, आणि नमुना ७अ मधल्या एकूण एक उमेदवाराला बोलावा, गाळणी लावूच नका.


नियमावली

दूरदर्शन-आकाशवाणीबद्दल : तो वेळ राष्ट्रीय आणि मान्यताप्राप्त राज्य पक्षांना मिळतो. अपक्षाला एक मिनिटही नाही. विधानसभेला प्रत्येक पात्र पक्षाला ४५ मिनिटांचा मूळ वेळ आणि मागच्या निवडणुकीतल्या कामगिरीप्रमाणे जादा वेळ देतात. एका बैठकीत १५ मिनिटांहून जास्त नाही. भाषणाची संहिता आधी मंजूर करून घ्यावी लागते आणि कुणा व्यक्तीचं नाव घेऊन टीका चालत नाही. म्हणजे जो तो आपापली लिहून आणलेली भाषणं वाचतो. पक्षप्रतिनिधींच्या जास्तीत जास्त दोन गटचर्चा प्रसार भारतीने घ्याव्यात अशी तरतूद आहे, पण त्या राज्यपातळीच्या. तुमच्या तालुक्याचं धरण त्यात येणार नाही.


ध्वनीवाला

चित्र थोडं खराब असलं तर लोक बघतात. आवाज खराब असला तर अर्ध्या मिनिटात बंद करतात. २३ सप्टेंबर १९७६ ला फिलाडेल्फियात अमेरिकी अध्यक्षपदाचे उमेदवार फोर्ड आणि कार्टर यांच्या चर्चेत ध्वनियंत्रणा बिघडली आणि दोघेही २७ मिनिटं आपापल्या जागी नुसते उभे होते, सगळा देश बघत असताना. आपल्याकडे दहा मिनिटांत हॉल रिकामा होईल. म्हणून पैसे आवाजावर घाला.

प्रत्येक उमेदवाराला स्वतंत्र माईक द्या. एकच माईक फिरवलात तर वेळ जातो आणि तो हिसकावताना जे चित्रण होतं तेच फक्त व्हायरल होतं. बारा उमेदवार, एक निमंत्रक, एक राखीव, म्हणजे १६ चॅनलचा मिक्सर. पण सगळे माईक एकदम उघडे ठेवू नका. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजायच्या आधीची मर्यादा ३ डेसिबलने खाली येते. एका वेळी निमंत्रक आणि बोलणारा, दोनच उघडे. मिक्सरच्या बटणांवर चिकटपट्टीने बसण्याचा क्रमांक लिहा, नावं लिहू नका, घाईत डोळा चुकतो. माईक तोंडापासून एक वीत. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल पडतो, आणि मागे रेलून बोलणारा पुढारी हमखास असतोच.

मिक्सरमधून कॅमेऱ्यात आवाज नेताना सगळ्यात जास्त घाण इथे होते : मिक्सरचा निघणारा आवाज लाइन पातळीचा (जोरकस), कॅमेऱ्याचं भोक माईक पातळीचं (क्षीण आवाजासाठी). सरळ वायर जोडली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कुठलंही सॉफ्टवेअर दुरुस्त करत नाही. मध्ये क्षीणक (आवाजाची पातळी उतरवणारा भाग) असलेली केबल लावा आणि मोठ्यात मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. शिवाय एक वेगळा रेकॉर्डर मिक्सरला लावून ठेवा. घूंऽ असा आवाज आला तर मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावरून चालवा.

कॅमेरे तीन. एक मागे उंचावर, संपूर्ण मंच दिसेल असा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत न हलवता, न थांबवता. तुमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा हाच. दोन जवळचे, सगळ्यांच्या चेहऱ्याची चौकट सारखी. जुन्या डीएसएलआरवर चित्रण २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतं, ते आधी तपासा. मोबाइल वापरत असाल तर विमान मोडवर टाका, ऐन वेळी कुणाचा तरी फोन येतो आणि चित्रण तुटतं. हॉलमध्ये ट्यूबलाइट असतील तर पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि कॅमेरा ३० फ्रेमवर लावलेला. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, पट्टे जातात.

थेट प्रक्षेपणाला ७२० पी पुरे. ४ एमबीपीएसने पाठवायचं तर अपलोडचा वेग किमान ८ हवा, आणि तो चर्चेच्या वेळेलाच, म्हणजे संध्याकाळी ६ ते ८ मध्ये मोजा. दुपारी तीनचा आकडा फसवा असतो. दीड तासाला साधारण २.७ जीबी डेटा जाईल. वाहिनी नवीन असेल तर यूट्यूबवर थेट प्रक्षेपण चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागतात, आणि नुसत्या मोबाइलवरून करायचं तर किमान ५० सदस्य लागतात. हे कार्यक्रमाच्या दिवशी कळून उपयोग नाही. सुरुवातीला हॉलमध्ये गाणी लावू नका, हक्काचा दावा येऊन व्हिडिओ मुका होतो.

केबलवाल्याला यूट्यूबवरून उचलायला सांगू नका. नेट अडखळलं की ते गोल फिरणारं चक्र सगळ्या तालुक्याला दिसतं. त्याला तुमच्या स्विचरमधून (कॅमेऱ्यांतून एक चित्र निवडणारं यंत्र) थेट वायर द्या, किंवा दोन तास उशिराने पेन ड्राइव्हवरून लावू द्या. मिक्सर, राउटर आणि स्विचरला यूपीएस. जनरेटर चालू व्हायला लागणारी वीस सेकंद प्रक्षेपण तोडायला पुरतात.


वाचनकट्टा

इतक्या सविस्तर उत्तरांची अपेक्षा नव्हती, आभार. दोन शंका. बारा जणांना दीड तासात बसवायचं कसं? आणि मोठे दोघे शेवटच्या क्षणी आले नाहीत, किंवा "साहेब दौऱ्यावर आहेत" म्हणून जिल्हाध्यक्षाला पाठवलं, तर?


खडूफळा

गणित मांडून बघा. प्रत्येकी एक मिनिट ओळख, १२ मिनिटं. एका प्रश्नाला प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे प्रश्नामागे १८. चार प्रश्नांचे ७२. समारोप प्रत्येकी अर्धा मिनिट, ६. बेरीज ९० झाली आणि निमंत्रकाने अजून तोंडही उघडलेलं नाही. प्रत्यक्षात दर प्रश्नाला चार-पाच मिनिटं उठबस आणि टाळ्यांत जातात. तेव्हा प्रश्न तीनच ठेवा, ओळख काढून टाका (ती आमंत्रण पत्रिकेसोबत छापील वाटा, फक्त पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, कलम १२७अ), उरलेल्या वेळात प्रत्येकाला एकदा दुसऱ्याच्या उत्तरावर ४५ सेकंद बोलू द्या. त्या ४५ सेकंदांत जेवढं कळतं तेवढं बाकी तासाभरात कळत नाही. उमेदवार पंधरा-सोळा झाले तर चिठ्ठ्या टाकून दोन संध्याकाळी करा. जून २०१९ मध्ये मायामीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या २० इच्छुकांना असंच दहा-दहा करून लागोपाठ दोन रात्री बसवलं होतं.

प्रश्न चुकले तर सगळं वाया. "पाणीप्रश्न सोडवणार का?" याला बाराही जण हो म्हणतील. आमदाराच्या हातात काय आहे ते धरून विचारा. आमदार निधी वर्षाला ५ कोटी. "त्यातले पहिले एक कोटी कुठल्या तीन कामांवर, आणि कुठलं काम मागे ठेवाल?" दुसऱ्या अर्ध्या भागात माणूस अडकतो, आणि तेच हवंय. नळाला पाणी किती वाजता येतं हा नगरपरिषदेचा विषय, तो आमदाराला विचारून त्याला फुकटची सुटका देऊ नका. विषय आमंत्रणासोबतच सांगा, नेमका प्रश्न नाही. उमेदवारी अर्जासोबतचं नमुना २६ मधलं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं, गुन्हे, मालमत्ता, पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरण सगळं त्यात असतं. त्यातला प्रश्न विचारायचा तर सगळ्यांना त्याच साच्यात विचारा, एकालाच गाठलंत की तुमची संस्था एका गटाची ठरली.

निमंत्रक मतदारसंघाबाहेरचा हवा. स्थानिक पत्रकार नको, निवडणुकीच्या जाहिरातींवर त्याच्या वर्तमानपत्राचं महिन्याचं गणित चालतं. वेळेसाठी शाळेची घंटा आणि तीन रंगांची पाटी : शेवटची १५ सेकंद पिवळी, वेळ संपली की लाल, त्यावर ५ सेकंदांनी माईक बंद. हे सगळ्यांना सारखं. पहिल्या वक्त्याला सवलत दिलीत की शेवटच्यापर्यंत देत बसावी लागते.

प्रेक्षकांचे प्रवेशपत्र प्रत्येक उमेदवाराला दहा, बाकी मतदार ओळखपत्र दाखवून चिठ्ठीने. नाहीतर एकाच गटाची दोनशे पोरं तासभर आधी येऊन बसतात.


नियमावली

प्रतिनिधी चालणार नाही हे आमंत्रणातच छापा आणि निवडणूक प्रतिनिधीची सही घ्या. त्याच कागदावर संमती घ्या की संपूर्ण चित्रण सर्वांना वापरायला खुलं राहील आणि नंतर काढायला सांगता येणार नाही. यूट्यूबवर चढवताना परवान्याच्या रकान्यात क्रिएटिव्ह कॉमन्स (श्रेय देऊन कुणालाही वापरू देणारा परवाना) निवडता येतं.

न आलेल्याची खुर्ची आणि नावाची पाटी ठेवा. "आमंत्रण अमुक तारखेला दिलं, पोच आहे" एवढंच निमंत्रकाने एकदा सांगावं. टोमणे नकोत. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरने हवामानावरच्या चर्चेत न आलेल्या बोरिस जॉन्सन यांच्या जागी वितळणारं बर्फाचं शिल्प ठेवलं होतं. त्यांच्या नियामकाने तक्रार फेटाळली, पण आचारसंहितेच्या काळात आपल्याकडे असला विनोद करू नका. त्याच्या गैरहजेरीत इतरांनी केलेल्या आरोपांना उत्तर द्यायला त्याला दुसऱ्या दिवशी लेखी जागा द्या, तीही सगळ्यांना सारखी.


टोरांटोकर

डेटा नसलेल्यांसाठी : ३६० पी मध्ये दीड तासाला साधारण पावणेपाचशे एमबी जातात. नुसता आवाज ४८ केबीपीएसने काढला तर तोच कार्यक्रम ३२ एमबीत बसतो आणि शेतात काम करताना ऐकता येतो. दोन्ही काढा. शिवाय प्रश्नानुसार तुकडे करा, उमेदवारानुसार नाही. उमेदवारानुसार केलेत की जो तो फक्त आपल्या माणसाचा तुकडा बघतो आणि तुलना होतच नाही. प्रत्येक तुकड्यावर मूळ चित्रफितीतली वेळ ठळक दाखवा. कुणी वीस सेकंद तोडून फिरवली तर लोकांना मागचं-पुढचं शोधता आलं पाहिजे.

बोललेलं सगळं टंकून ठेवा. दीड तासाचे साधारण दहा हजार शब्द होतात, चार माणसांनी वाटून घेतलं तर एका रात्रीत होतं. आपोआप उमटणाऱ्या अक्षरांवर विसंबू नका, गावांची नावं आणि बोलीतले शब्द ती पार बिघडवतात.


नियमावली

गावात पडद्यावर दाखवणं हीसुद्धा सभाच, प्रत्येक ठिकाणची परवानगी वेगळी. सगळ्या गावांची यादी एकाच अर्जात तारीख-वेळेसह द्या. अंधार पडल्याशिवाय प्रोजेक्टर दिसत नाही आणि रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, म्हणजे दिवसाला एका पथकाची एकच गाव-फेरी. दोन पथकं आणि पाच रात्री धरल्या तर दहा गावं. ती मोठी निवडू नका. जिथे मोठ्या पुढाऱ्यांच्या सभा होत नाहीत, तिथे न्या.

४८ तास सुरू झाले की पडदा, केबल, नवीन चढवणं, गटांवर पुढे पाठवणं, सगळं थांबवा. आधीच यूट्यूबवर असलेली चित्रफीत ठेवायची की तेवढ्यापुरती खासगी करायची, ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी विचारा. तोंडी "चालेल हो" वर जाऊ नका, ती व्यक्ती त्या दिवशी मतदान साहित्य वाटपात असते आणि फोन उचलत नाही.


शंकासुर

सिएरा लिओनचं माहीत नव्हतं, वाचतो. माझी शंका आता एवढीच की केबलवाला कुणाचा आहे?


वाचनकट्टा

ज्याचा आहे तो उमेदवार असण्याची शक्यता आहे. :) म्हणून केबल दुय्यम, पडदा आणि आवाजाची फाइल मुख्य, असं आज समितीत मांडतो. क्षीणक केबल तालुक्यात मिळत नाही, जिल्ह्याच्या ठिकाणाहून दोन मागवल्या आहेत.


ध्वनीवाला

तीन मागवा. एक नक्की कुणाच्या तरी पायात येते.